रेघ कुठे जाड, कुठे बारीक: जुन्या सुपरहिरो कॉमिक्सचं एक पान शाईत उतरवण्याची रीत

आधीच सांगून टाकते, मी चित्रकार नव्हे. पिंपरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तेरा वर्षं ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग काढायचा. त्यावर आम्ही ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचो आणि रोट्रिंगच्या पेनांनी ते शाईत उतरवायचो. मग त्याचे अमोनिया प्रिंट निघून खाली शॉपवर जायचे. १९८३ साली मी लागले, १९९६ साली कॉम्प्युटर आले आणि आमची टेबलं उचलली गेली.

त्याच्या कितीतरी आधी, शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात, मी दादाच्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे फँटम, गिरवत असे. दादा अंकाला हात लावू देत नसे. तो क्लासला गेला की अंकाचं पान खिडकीच्या काचेवर धरायचं, वर वहीचा कागद आणि हातात पेन्सिल. पाठच्या बाजूचं चित्रही उमटायचं, त्यामुळे माझ्या वेताळाच्या छातीवर कधीकधी त्याच्या प्रेयसीचा, डायनाचा, चेहरा यायचा. तेव्हा ही लबाडी वाटायची. पुढे त्याच लबाडीचा पगार मिळाला.

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतला एक मुलगा, अभिनव कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, स्पायडरमॅन घेऊन आला. "मावशी, पेन्सिलीत बरा दिसतो हो, शाई केली की मरतो." बघितलं. पेन्सिलकाम माझ्या दसपट चांगलं. शाई मात्र ०.४च्या पेनने, डोक्यापासून टाचेपर्यंत एकाच जाडीची. मी म्हटलं, "अरे, हे बेअरिंगचं ड्रॉइंग झालं." मग दर शनिवारी चारनंतर (एक ते चार मी झोपते, त्यात बदल नाही) त्याला जे सांगत गेले, तेच इथे लिहिते आहे. एक पान पुरं व्हायला नऊ शनिवार लागले.

आमच्या धंद्यातही रेघेच्या जाडीला अर्थ असतो. बाहेरची कड जाड, मापाची रेघ बारीक, न दिसणारी कड तुटक. पण एकदा जाडी ठरली की सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच. कॉमिक्समधली रेघ वाटेत बदलते. खांद्यावरून निघाली की उजेडात बारीक, दंडाखाली सावलीत फुगलेली, कोपराशी पुन्हा निमुळती. एवढं एक हाताला कळावं म्हणून जुन्या मंडळींचं पान उतरवायचं.

कुणाचं पान घ्यायचं

इथेच बहुतेक जण फसतात. अमेरिकन मासिक कॉमिक्सचं छापील पान बहुधा एका माणसाचं नसतं. एकाने पेन्सिल केलेली असते, दुसऱ्याने शाई. तुम्ही 'जॅक कर्बीची रेघ' म्हणून जी गिरवता ती बऱ्याचदा त्यावर शाई करणाऱ्या जो सिनॉटची असते. म्हणून पहिलं पान स्वतःच शाई करणाऱ्याचं घ्या. माझं मत विचाराल तर स्टीव्ह डिटको.

स्पायडरमॅन १९६२च्या ऑगस्टच्या अंकात पहिल्यांदा आला, लेखक स्टॅन ली आणि चित्रं डिटकोची. पण उतरवायला घ्यायचा तो फेब्रुवारी १९६६चा, 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ३३वा अंक. पठ्ठ्या एका प्रचंड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय आणि आजारी काकूचं, म्हणजे मे आंटीचं, औषध समोर हाताच्या अंतरावर पडलंय. पानामागून पान तो ते ओझं उचलायचा प्रयत्न करतो. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी तो उठतो तेव्हा अख्खं पान एकच चौकट होतं. ते मोठं पान घेऊ नका, सगळे तेच घेतात. त्याच्या आधीचं घ्या. तिथे माणूस दबलेला आहे, आणि दबलेपण नुसत्या रेघेत कसं आणायचं हे तिथे शिकायला मिळतं. शिवाय डिटकोचे हात! बोटं अशी वाकडी-ताणलेली की चेहरा झाकला तरी माणूस घाबरलाय की चिडलाय हे कळतं. आमच्या मुलाने एक पूर्ण शनिवार फक्त हात काढले. मला तो वेळ वाया गेला असं वाटलं नाही, त्याला वाटलं.

आणखी एक कसोटी आहे. शब्दांच्या फुग्यांवर बोट ठेवा आणि गोष्ट कळते का बघा. मार्व्हलमध्ये त्या काळी चित्रकाराला थोडक्यात कथानक मिळायचं, तो पूर्ण अंक चित्रांत मांडायचा आणि संवाद नंतर भरले जायचे. त्यामुळे गोष्ट सांगायची निम्मीअधिक जबाबदारी चित्राचीच. पुण्यात शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची चित्रं बघत वाढलेल्याला ही कसोटी नवी नाही. जे पान बोटाखालीही बोलतं ते घ्या.

दुसरं पान कर्बीचं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत १९१७ साली जन्मलेला हा माणूस. जो सायमनबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका उभा केला. मार्च १९४१च्या त्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा बसतोय, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. वीस वर्षांनी, १९६१ साली, स्टॅन लीबरोबर 'फँटॅस्टिक फोर'. घराच्या तळघरात बसून काढायचा. पेन्सिलीची पानं टपालाने सिनॉटकडे जायची. सिनॉट ४४व्या अंकापासून त्या मालिकेवर नेमाने आला, आणि फरक डोळ्यांनी दिसतो. धातू धातूसारखा चकाकायला लागतो, जबडे गुळगुळीत होतात. त्याच्या जरा आधीचे अंक विन्स कोलेटाच्या शाईचे. बारीक, केसासारख्या रेघांचं काम. थॉरच्या पुराणकथांना ते शोभतंही. पण वेळ वाचवायला हा गृहस्थ मागची माणसं खोडूनच टाकायचा अशी त्याची ख्याती आहे. पुढे माइक रॉयर आला, त्याने कर्बीची पेन्सिल जशीच्या तशी उतरवली. आमच्या ऑफिसात रॉयरला बढती मिळाली असती आणि सिनॉटला मेमो. तरीही सिनॉटची पानं जास्त देखणी आहेत, हे मला तेरा वर्षांची ट्रेसर असूनही कबूल करावं लागतं.

नील अ‍ॅडम्सचं पान पहिलं घेऊ नका. त्याच्या बॅटमनवर सगळी पोरं भाळतात. जाहिरातींच्या कामातून आलेला माणूस, प्रकाश फोटोसारखा पकडतो. नवशिका त्याच्या केसाळ रेघा उचलतो आणि त्याखालचं हाड विसरतो. मग बॅटमनला अंगभर खरूज झाल्यासारखी दिसते.

आपल्या पिढीला सोयीचा वेताळ आहेच. ली फॉकने १९३६ साली सुरू केलेली ती चित्रमालिका १९६१पासून १९९४पर्यंत साय बॅरीने काढली; आपण इंद्रजालमध्ये पाहिलेला वेताळ बराचसा त्याचाच. ब्रशचं फार स्वच्छ काम. फक्त एक लक्षात ठेवा: इंद्रजालमध्ये वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून-जुळवून पानं केलेली असत. त्यामुळे रेघ शिकायला ती उत्तम, पण पानाची मांडणी शिकायला नाही. जुने अंक बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात अजून कधीमधी दिसतात. किमती ऐकून घरी परत यायची तयारी ठेवा.

मूळ पानांचे स्कॅन हवे असतील तर कॉमिक्सची मूळ चित्रं लिलावात विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या साइटवर मोठ्या आकारात बघता येतात. त्यात पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, चिकटवलेले तुकडे, समासातल्या सूचना सगळं दिसतं. छापील पानावर दिसतो तो नुसता निकाल.

सामान

अप्पा बळवंत चौकातून मोकळ्या हाताने परत येणं कुणाला जमत नाही, म्हणून यादी करूनच जा.

कागद ए-थ्री, गुळगुळीत आणि जाड. शाळेचा कार्ट्रिज नको, त्यावर शाई फुटते. आयव्हरी कार्ड चालतं. एक तुकडा मागून त्यावर टाकाने रेघ मारून बघा. कडा दातेरी झाल्या तर तो कागद ठेवून द्या.

शाई वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक. कॅमलिनची छोटी बाटली वर्षभर पुरते. ती फाउंटन पेनात भरू नका, पेन कायमचं जातं. टाकाची धातूची निब दोन घ्या. नव्या निबला तेलाचा पातळ थर असतो, त्यावर शाई थांबत नाही, थेंब होऊन खाली पडते. काडेपेटीच्या ज्योतीतून निब क्षणभर फिरवा किंवा टूथपेस्टने घासून धुवा.

ब्रश गोल, दोन किंवा तीन नंबरचा. यात काटकसर नको. दुकानातच पाण्यात बुडवून झटकायचा; केस आपोआप एका टोकाशी आले पाहिजेत. दुकानदार पाणी देतो, तोंड वाकडं करून देतो, पण देतो.

बाकी निळी पेन्सिल, मऊ खोडरबर, पांढरा पोस्टर कलर, अर्धं ब्लेड, पट्टी.

जुलै-ऑगस्टच्या दमटपणात चांगला कागदही शाई पितो. तो वर्तमानपत्रात गुंडाळून आडवा, कपाटात वरच्या फळीवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं, शाई निबवरच वाळते. पंखा बंद करायचा आणि घाम पुसत बसायचं. हाताखाली मात्र कोणत्याही ऋतूत एक कोरा कागद हवाच.

चौकट दहा बाय पंधरा

ए-थ्रीवर दहा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच चौकट आखा. हा आकडा मनाचा नाही. १९६७-६८च्या सुमारापासून अमेरिकन चित्रकार याच मापात काम करू लागले; छापताना ते दोन तृतीयांश व्हायचं, म्हणजे साधारण पावणेसात बाय दहा. त्याआधी तर छापील पानाच्या दुप्पट मोठं काढायचे, डिटकोचा तो अंक त्यातलाच. लहान करताना हाताचा कंप झाकला जातो, आणि फार बारीक रेघ मरते. त्यात कागद वर्तमानपत्राचा, रंग रेघेबाहेर सांडणार. म्हणूनच त्या जुन्या पानांची काळी रेघ इतकी ठाम आहे. तिला सगळा संसार एकटीने सावरायचा होता.

आता छापील पान मोठं करून प्रिंट काढा, खिडकीच्या काचेवर लावा आणि वर कागद ठेवून निळ्या पेन्सिलीने फक्त सांगाडा घ्या. चौकटींच्या सीमा, माणसाचा कणा, डोकं, हातापायांची दिशा. जाड कागदातून दिसलं नाही तर पातळ कागदावर घेऊन मग पाठीमागून शिसं घासून उतरवा. कड गिरवू नका. बाकीचं पान समोर ठेवून, बघून काढायचं. संपूर्ण गिरवलंत तर हात चालतो आणि डोकं झोपतं. मला विचारा, मी हजारो नट-बोल्ट गिरवलेत आणि त्यातला एकही आठवत नाही.

काळं आधी

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांनी आपल्याला एक सवय लावलेली आहे: आधी बाह्यरेषा, मग आत भरणं. इथे ती मोडायची आहे.

डोळे अर्धवट मिटून मूळ पान बघा. रेघा नाहीशा होतात आणि काळे डाग उरतात. ते डाग आधी वहीत, काडेपेटीएवढ्या चौकटींत काढा. पूर्ण पानाचे. आता कळेल की ते पानावर कसे मांडलेत. वरच्या डावीकडच्या चौकटीतलं काळं नजर धरतं, मधल्या चौकटीतलं खाली ढकलतं, शेवटचं थांबवतं. डिटकोच्या त्या पानावर काळं वरून खाली येतं, ओझ्यासारखंच. अ‍ॅलेक्स टॉथ नावाचा चित्रकार या बाबतीत उस्ताद होता. चार रेघा आणि तीन डाग, पण खोली अख्खी दिसते. त्याची पानं बघायची आणि निराश व्हायचं.

पेन्सिल करणारे काळ्या भागात छोटी फुली मारून ठेवायचे, म्हणजे शाईवाल्याला कळायचं की इथे भरायचं. तुम्हीही मारा. आणि शाईची सुरुवात फुल्यांपासूनच करा. आमच्या मुलाचा यावर जीव जाईना. "मावशी, आधी चेहरा करतो ना." चेहरा पहिला केला की सगळा जीव चेहऱ्यात ओतला जातो, मग मागची भिंत दमलेल्या हाताने. काळं भरून झाल्यावर पान निम्मं उभं राहिलेलं असतं आणि चेहऱ्याला किती कमी रेघा लागतात हे दिसतं.

काळ्याच्या कडेला उजेड सोडायला शिका. कर्बीच्या पानावर काळ्या बुटावर एक पांढरी वळणदार फट असते, तेवढ्याने बूट गोल होतो. बॅटमनचा झगा रंगीत अंकात निळा दिसायचा तोही याच हिशेबाने. मुळात तो काळा, निळी ती त्यावरची चमक.

रेघ

ब्रश टोकाजवळ धरू नका, जरा मागे धरा. बोटं कमी हलवायची, कोपर आणि खांदा जास्त. रेघ नेहमी आपल्याकडे ओढायची. दिशा बदलली तर हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरवा. आमच्या ऑफिसात कागद टेबलाला चिकटवलेला असायचा आणि आम्ही फिरायचो, म्हणून तेरा वर्षांत माझी मान गेली. तुम्ही ती चूक करू नका.

पहिले दोन शनिवार नुसते तांदूळ. एक रेघ, बारीक सुरू, मध्ये दाबून जाड, पुन्हा बारीक. तांदळाचा दाणा होतो. आधी बासमती, लांबलचक. ते जमले की आंबेमोहोर, आखूड आणि पोट असलेले. आंबेमोहोर जास्त अवघड. एका ओळीत पन्नास, सगळे एकसारखे. मग तेच दाणे वाकवून, एका कडेला गोळा करून, उजेडाकडे विरळ करत न्या. दंडावरची सावली याच दाण्यांची असते. ज्यांना चिमटीतून रांगोळी सोडता येते त्यांना हे दोन दिवसांत जमतं. माझ्या भाचीला पहिल्याच दिवशी जमलं, आणि मुलगा आठवडाभर गप्प होता.

पानावर उतरल्यावर तीन गोष्टी बघायच्या. उजेड कुठून येतो. त्या बाजूची कड बारीक, किंवा मधूनच तुटलेली. वजन कुठे पडतं. टाचेखाली, ओझ्याखालच्या खांद्यावर, वळलेल्या मुठीच्या तळाशी रेघ जाड. आणि जवळ काय, लांब काय; जवळचं ब्रशने, लांबचं टाकाने. लांबची इमारत ब्रशने केली की ती माणसाच्या डोक्यावर येऊन बसते. डिटकोच्या पानातलं यंत्र मात्र माणसापेक्षा जाड रेघेचं असलं पाहिजे, नाहीतर ते थर्मोकोलचं वाटतं. आमच्या पोराचं पहिल्या खेपेला तसंच झालं, गणपतीच्या देखाव्यातल्यासारखं.

कर्बीच्या यंत्रांबद्दल थोडं बोलू द्या. मी खरी यंत्रं काढलेली बाई. त्याचं पहिलं यंत्र बघितलं तेव्हा हसले. तेल घालायला जागा नाही, उघडायला बोल्ट नाही, पाइप निघतो आणि भिंतीत नाहीसा होतो. यातलं एकही चालणार नाही. पण उतरवायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्याला यंत्र दाखवायचं नाहीये, यंत्राचा दरारा दाखवायचाय. सरळ पट्टीच्या रेघेशेजारी लगेच हाताची वेडीवाकडी चकाकी. ती पट्टीने काढली की संपलं. पट्टी बाहेरच्या कडेला वापरा, आतली चमक मोकळ्या हाताने.

आणि त्याचे ते ठिपके. अवकाशात शक्ती सळसळते तिथे काळ्या गोळ्यांचा थवा. १९६६ साली फँटॅस्टिक फोरच्या ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टस पृथ्वी गिळायला येतो, सिल्व्हर सर्फर त्याच्या पुढे, ते अंक बघा. गोळे मोजून, सारखे, अंतर सोडून काढले तर पानाला गोवर येतो. एकमेकांना चिकटलेले मोठे गोळे आत, सुटे लहान बाहेर; आणि खरं लक्ष ठेवायचं ते मधल्या पांढऱ्या फटीवर. ती फट विजेसारखी तडकलेली दिसली पाहिजे.

जमल्यावर एक प्रयोग करा. स्पायडरमॅनच्या त्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठाची पेन्सिल कर्बीची आणि शाई डिटकोची होती. तुम्ही कर्बीच्या एखाद्या आकृतीची पेन्सिल दोनदा काढा. एकीला डिटकोसारखी शाई, थोडी काटेरी, बेचैन. दुसरीला सिनॉटसारखी, गोल, तुकतुकीत. दोन्ही शेजारी ठेवा. तोच माणूस एकीकडे आजारी दिसेल, एकीकडे पहिलवान.

शरीर, झगा, कोन

यावर पुस्तकं भरपूर आहेत, मी फक्त पुण्यात कुठे बघायचं ते सांगते. सुपरमॅनचा पोशाख त्याचा चित्रकार जो शूस्टर याने सर्कशीतल्या ताकदवान गड्यांवरून घेतला, म्हणजे मूळ बघायचं तर तालमीत जा. आमचा मुलगा वस्तादांना विचारून शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत पहाटे वही घेऊन बसला. मला आत कोण घेणार! परत आला तो म्हणाला, "मावशी, खऱ्या पैलवानाला पोट असतं." आणि मान जवळजवळ नसते. डिटको सोडला तर बहुतेकांनी हे पाहिलेलं होतं. डिटकोचा स्पायडरमॅन मुद्दामच काटकुळा आहे, कॉलेजातला पोरगा वाटावा म्हणून.

झग्यासाठी गच्चीवर ओली चादर वाळत घाला आणि वारा येऊ द्या. सगळ्या चुण्या चिमट्यापासून निघतात. झग्याचा चिमटा म्हणजे खांदा. चुण्या भलतीकडून निघाल्या की झगा पाठीला खळीने चिकटवल्यासारखा दिसतो.

खालून बघण्याचा कोन कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबाला पाठ लावून वर बघितलं की पाच मिनिटांत समजतो. रहदारीचं भान ठेवा.

चुका आणि झेरॉक्स

चुकीवर शाई ओली असताना हात लावायचा नाही. वाळली की लहान चूक अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायची, वर नखाने घासून कागद दाबायचा. मोठ्या चुकीला पांढरा पोस्टर कलर, दाट, एकच हात. त्याहून मोठी असेल तर नव्या कागदाच्या तुकड्यावर तेवढा भाग काढून चिकटवा. मोठमोठ्यांच्या मूळ पानांवर असे डोकी बदललेले तुकडे आहेत.

मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा आणि ६६ टक्क्यांवर काढून मागा. तो म्हणेल ७१, ए-थ्रीचं ए-फोर. त्याला म्हणा, नाही, ६६. छोट्या प्रतीत ज्या रेघा नाहीशा झाल्या त्या लाल पेनाने मूळ पानावर नव्हे, प्रतीवरच दाखवा. जिथे बारीक रेघांची जाळी भरून काळा गोळा झाला तिथेही खूण करा. पुढच्या पानाचा अभ्यास म्हणजे ही लाल खुणांची प्रत. आमच्या पोराच्या पहिल्या प्रतीवर एकतीस खुणा होत्या, दुसऱ्या पानावर बारा. पहिल्या पानाचा चेहराच हरवला होता, कारण डोळे त्याने टाकाच्या पाठीने केले होते, इतके बारीक.

हे पान अभ्यासाचं. विकायचं नाही, स्वतःचं म्हणून कुठे लावायचं नाही.

कुणाचं नाव

पान झालं की मागे पेन्सिलीने लिहा: मालिका, अंक, पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, कथा कुणाची, आणि खाली उतरवणाऱ्याचं नाव आणि तारीख. हे मी हट्टाने करून घेते.

आमच्या ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असायची. ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्हड. ट्रेस्डपुढे माझी दोन अक्षरं. दहा रुपयांच्या बुशचंही ड्रॉइंग असो, ती दोन अक्षरं असायची. कॉमिक्समध्ये कित्येक वर्षं तेवढंही नव्हतं. जेरी सिगेल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. शूस्टरची दृष्टी पुढे अधू होत गेली. १९७५ साली नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन वगैरेंनी आवाज उठवला तेव्हा कुठे दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचं निवृत्तिवेतन आणि पानावर नाव परत मिळालं. बॅटमन घडवणाऱ्या बिल फिंगरचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं; तो १९७४ सालीच गेला होता. मूळ पानांचंही तेच, ती चित्रकाराला परत मिळतच नसत. कर्बीला भांडून १९८७ साली सुमारे दोन हजार पानं मिळाली. काढलेली त्याच्या कितीतरी पट होती.

कारखान्यात कॉम्प्युटर आले त्या वर्षी आमची ट्रेसिंग्ज रद्दीत किलोवर गेली. मी एक उचललं, गिअरबॉक्सच्या झाकणाचं, घडी न घालता, साडीच्या खोक्यातून घरी आणलं.

पान गुंडाळून ठेवू नका, शाईला भेगा पडतात. आडवं ठेवायचं, दोन पानांमध्ये बटर पेपर, आणि कसर लागू नये म्हणून कोपऱ्यात वेखंडाचा तुकडा. डांबराच्या गोळ्यांनी कागद पिवळा पडतो असा माझा अनुभव. आईची पत्र्याची ट्रंक मी त्यासाठी ठेवली आहे. तळाशी ते झाकण, त्यावर मुलाचा दबलेला स्पायडरमॅन, त्यावर भाचीचे तांदूळ. वेखंड दर दिवाळीच्या सफाईत बदलायचं.